कंसातली नोकरी

माझ्या भावाची लग्नपत्रिका छापून आली तेव्हा त्याच्या नावापुढं कंसात लिहिलं होतं, एस. टी. महामंडळ, गंगाखेड. त्या नोकरीचा अर्ज अजून लिहिलाही गेला नव्हता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार. आमच्या घराण्यात भट कुठून येणार, पण परभणी जिल्ह्यात तुरी मोप आणि न घेतलेल्या तुरीवर भांडायची हौसही तेवढीच.

नोकरी होती अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची. सिताराम कंडक्टर म्हटलं की गंगाखेडच्या स्टँडवर कुणीही घर दाखवायचं. मागच्या दिवाळीच्या आधी ड्यूटीवरून आले, उंबऱ्यात बसून बूट सोडायला लागले आणि तिथंच कलंडले. माणूस नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते, त्याला अनुकंपा म्हणतात. अण्णांच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या निम्म्या माणसांनी आईला एकच गोष्ट सांगितली, "रडू नका चांगुणाबाई, पोराला नोकरी हाय." जणू अण्णा मेले नव्हते, पोराच्या हाती चार्ज देऊन घरी आले होते. मला तेव्हाच संताप आला होता, पण सांत्वनाला आलेल्या माणसावर ओरडता येत नाही.

पोरगा म्हणजे धम्मदीप, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आयटीआय करून चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. किशनराव मोठेबाबांनी त्याला फोन करून सांगितलं, ते काम सोड, हितं पक्की नोकरी वाट बघायलीय. त्यानं सोडलं. मोठेबाबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. अण्णा गेल्यापासून आमच्या घरात काय व्हायचं ते आधी त्यांच्या ओट्यावर ठरायचं आणि मग आम्हाला कळायचं. चारठाण्याची सोयरीक त्यांनीच आणली. मुलगी राजेश्री, बी.एस्सी. झालेली. तिचे वडील रविकांतराव एका खासगी शाळेत क्लार्क आहेत. त्यांची अट एकच, जावई नोकरीवाला पाहिजे. मोठेबाबांनी छातीवर हात ठेवून हो म्हटलं, तारीख धरली आणि पत्रिकाही छापून आणल्या. अर्ज तेवढा राहिला.

अर्जाला बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, तीही शपथेवर. तेवढ्यासाठी मी वालूरहून दोन गाड्या बदलून माहेरी आले होते. वालूरला मी अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते, बाईंनी सांगितलेलं ऐकते. काम वाईट नाही. पण मला नर्स व्हायचं होतं. परभणीला माझा नंबरही लागला होता, आणि त्याच महिन्यात माझं लग्न लागलं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच कुणी तो विषय काढत नाही.

त्या दिवशीचा बेत असा होता. सकाळी तहसीलला जाऊन शपथपत्रं करायची. दुपारी रविकांतराव आणि त्यांच्या मंडळी नर्मदाबाई येणार, त्यांचं जेवण करायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून बस्ता बांधायला बाजारात जायचं. लग्नाचे कपडे दोन्हीकडच्यांनी एका दुकानात, एका गादीवर बसून घ्यायचे, हा आमच्याकडचा बस्ता. एकदा बस्ता बांधला की सोयरीक सहसा मोडत नाही. म्हणून मोठेबाबांना घाई होती.

तहसीलच्या आवारात, लिंबाखाली पत्र्याचं शेड टाकून टायपिंगवाला बसतो. मजकूर मोठेबाबांनी आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवला होता, त्यामुळं कागद तयार होता. धम्मदीपनं अर्जदाराच्या जागी झटक्यात सही केली. मग कागद आईपुढं सरकला. आईनं पिशवीतून चष्मा काढला, पदराला पुसला आणि वाचायला घेतलं.

"खाली सही करायची, चांगुणा," मोठेबाबा म्हणाले. "वाचून काय परीक्षा द्यायचीय का?"

आई वाचत राहिली. ओठ हलवत, ओळीवर बोट ठेवून. आम्ही सगळे तिच्या बोटाकडं बघत उभे होतो. बोट खालपर्यंत आलं, परत वर गेलं आणि थांबलं.

"ह्यो कागद चुकलाय," ती टायपिंगवाल्याला म्हणाली.

"काय चुकलं, मावशी?"

"अर्जदार मी हाय."

मग मोठेबाबा हसले. "उन्हानं डोसकं फिरलं का?"

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. थोरल्या दिराशी ती कधी मान वर करून बोललेली नाही, तेव्हाही खालीच बघत होती, पण जागची हलली नाही. "धावी पास लागतंय, मी हाय. पंचेचाळीसच्या आतलं लागतंय, मी हाय. नवऱ्याच्या जागी बायकोला घेतेत. इचारून आले मी डेपोत."

दहावी तिनं खरंच केली होती. मी दहावीला होते त्या वर्षी तिनं सतरा नंबरचा, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला. अण्णांनी लय चेष्टा केली, पण फॉर्म आणून दिला. मायलेकींचा निकाल एकाच दिवशी लागला, दोघी पास. पेढे मात्र माझ्या एकटीच्या नावानं वाटले गेले.

"आई," धम्मदीपचा आवाज चिरकला, "मी कंपनी सोडून आलोय."

"मला इचारून सोडली का?"

"मंग आधी बोलायचं ना! पत्रिका छापल्या, माणसं घरी यायलीत!"

"रोज बोलायचं म्हनायची. रोज तुमी कायतरी नवं ठरवून यायचे. सोयरीक ठरली, तारीख ठरली. मला वाटायचं, आज तरी कुनीतरी इचारंल, चांगुणा तुला काय वाटतं? कुनी इचारलंच न्हाई."

खरं सांगते, मला तिचाही राग आला. एवढे महिने तोंडात गुळणी धरून बसली आणि बोलली कधी, तर बस्त्याच्या दिवशी. आमच्या मागं तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं कागद बाजूला ठेवला. "ठरवून या बाबा. तिघांच्या सह्या लागतेत. एकाची जरी न्हाई आली, तर कागद हितंच पडला म्हनून समजा. चारला उठतो मी."

रिक्षात मोठेबाबांचं पान तोंडात होतं, ते थुंकायलाही त्यांनी रिक्षा थांबवली नाही.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी मला बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी घेतलं. त्यांचा आवाज एकदम गोड झाला होता. "रेणुका, तू शहानी हायस. तिच्या कागदावर सही करू नको. तुझी सही न्हाई तर कागद हलत न्हाई. दोन दिसांत आपोआप सरळ व्हईल ती."

"आन आईची सही न्हाई तर धम्मदीपचा बी हलत न्हाई."

"ती करंल. पावने समोर बसले की करंल. बाईमानसाला चार मानसात न्हाई म्हनता येत न्हाई." हे ते मला, बाईमाणसाला, सांगत होते. ते गेले आणि धम्मदीप आला. तो टाकीच्या कठड्यावर बसला, हाताच्या तळव्याकडं बघत. बोटांना तांब्याच्या तारेचे बारीक काप होते. घरी आल्यापासून तो दोस्ताच्या दुकानात पाण्याच्या मोटारी भरायचा. जळालेली मोटार उघडायची, आतली जुनी तार काढायची आणि नवी भरायची. भरलेली मोटार शेतकरी घेऊन जायचे आणि दुसरी जळाली की त्यालाच शोधत यायचे. पण आमच्याकडं ह्याला कुणी नोकरी म्हणत नाही. पोरगी तर कुणीच देत नाही.

"ताई, लोक इचारतेत सध्या काय करायलास. मी म्हनतो, एसटीची वाट बघायलोय. एवढंच सांगतो मी समद्यांला. त्येबी गेलं तर काय सांगू?"

"राजेश्रीला काय सांगितलंस?"

तो कठड्यावरून उठला. "तुझ्या हातात हाय, ताई. तू सही करू नको. पाया पडतो," एवढं म्हणून तो खरंच वाकला. मी त्याला खांद्याला धरून उठवलं. ह्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय. त्याचा चेहरा बघून मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, नाही करायची सही. आईचं वय होत आलं, ह्याचं आयुष्य पडलंय. असा हिशेब सगळेच करतात, मीही केला.

स्वैपाकघरात आई पुऱ्या लाटत होती. मी कढईपाशी उभी राहिले. दोन-तीन पुऱ्या तळून झाल्यावर मीच तोंड सोडलं.

"आई, तुला आज बोलता आलं. माझ्या येळेला कुठं गेली हुती जीभ?"

तिचं लाटणं थांबलं.

"ह्याच घरात बसले हुते ते लोक. ह्याच सतरंजीवर. त्यांनी इचारलं, पोरीला फुडं शिकायचंय का? अण्णा म्हनले, न्हाई न्हाई, कशाला. मी तुझ्याकडं बघितलं. तू काय केलंस, आठवतं का? ट्रेमधले कप सरळ केलेस."

"आठवतं," आई म्हणाली.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर नशिबाला बोल लावेल. तिनं पुरी कढईत सोडली. "भेले मी. तुझा अण्णा वाईट न्हवता, पर त्येंच्याफुडं माझं तोंड उघडायचं न्हाई. तुझं नुसकान मी केलं, रेणुका. इसरले न्हाई मी. रोज आठवतं."

"मग आता माझ्याकडं सही कोनत्या तोंडानं मागतीस?"

"मागत न्हाई. तुला करायची तर कर, न्हाईतर नको करू."

मागितली असती तर भांडता आलं असतं.

"तुला म्हनून सांगते," तिचा आवाज इतका खाली गेला की तेलाच्या आवाजात मला पुढं वाकावं लागलं. "लगीन होऊन आले तवापास्नं मी त्येंचा डबा घेऊन ष्टँडवर जायची. गाडी लागलेली असायची. खिडकीतून डबा द्यायचा, घंटी वाजायची, गाडी जायची. मी तितंच. येवढ्या वर्सात एकदा बी म्हनले न्हाईत, चांगुणा, बस, शेवटच्या ष्टॉपपत्तूर जाऊन येऊ. आन आता पोराचा डबा घेऊन त्याच ष्टँडवर जाऊ व्हय मी? मरूस्तोर?"

कढईतली पुरी काळी पडली. दोघींपैकी कुणीही ती काढली नाही.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि मोठेबाबांचा "जय भीम, जय भीम, या या" असा मोठा आवाज आला. आईनं डोळे पुसले, हात धुतले आणि पदर नीट केला. मी पाण्याचे तांबे घेऊन बाहेर गेले.

रविकांतराव सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. माणूस टापटिपीचा, खिशाला दोन पेन. नर्मदाबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. राजेश्री परभणीला क्लासला जाते, ती तिकडून परस्पर कापडाच्या दुकानात येणार होती. पत्रिकांचा खोका मोठेबाबांनी मुद्दाम मधोमध ठेवला होता. रविकांतरावांनी त्यातली एक काढली, चष्मा लावला आणि कंसावर अंगठा फिरवला.

"छपाई झकास झालीय. आमच्या शाळेत समद्यांला दाखवली, व्हाट्सॲपवर आली तवा. हेडमास्तर म्हनले, नशीबवान हायसा, आजकाल पर्मनंट जावई कुठं मिळतोय!" ते धम्मदीपकडं वळले. "मंग जावईबापू, सध्या काय चालूय? हजर कधी व्हायलात?"

धम्मदीपनं तोंड उघडलं. पण मोठेबाबा त्याच्या आधी बोलले. "आज सकाळीच कागद गेला. आता काय, आज ना उद्या आर्डर. व्हय का न्हाई रे?"

धम्मदीपनं मान हलवली. "हो," तो म्हणाला.

एका शब्दात झालं सगळं. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. आता रविकांतराव बस्त्याला जाणार, शालू घेणार, फेटे घेणार, चारठाण्याला परत गेल्यावर पुन्हा सगळ्यांना सांगणार. आणि आईला सही करावीच लागणार. मोठेबाबा सतरंजीवर मांडी बदलून निवांत बसले.

आई ताटं घेऊन बाहेर आली.

"विहीणबाई," रविकांतराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, म्हणून जास्त लागलं. "सितारामराव गेले ते वाईट झालं. पर पोरगं त्येंच्या जागेवर उभं ऱ्हायलं, आता तुमी बिनघोर. लय केलं तुमी. आता घरात बसायचं, सुनंच्या हातचं खायचं, नातवंडं खेळवायची."

आईच्या हातातलं ताट जागेवर थांबलं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

ती नजर मला ओळखीची होती. ह्याच सतरंजीच्या कडेला बसून मी, दारात उभ्या असलेल्या तिच्याकडं, तसंच बघितलं होतं. चहाचे रिकामे कप मी गोळा केले होते, माझ्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये कप होते. मला ते सरळ करता आले असते. माझ्या भावाचं लग्न, त्याची सोडलेली कंपनी, खोकाभर पत्रिका, सगळं डोळ्यांपुढं होतं. मी ट्रे खाली ठेवला.

"मामा," मी रविकांतरावांना म्हणाले, "नोकरी आईच्या नावानं मागायलोत आमी. कागद अजून गेला न्हाई. धम्मदीप मोटारी भरतो. चांगल्या भरतो."

"रेणुके!" मोठेबाबा अर्धे उठले.

रविकांतरावांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग धम्मदीपकडं, मग हातातल्या पत्रिकेकडं. "मंग हे काय छापलंय?"

आईनं ताट त्यांच्यापुढं ठेवलं, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "ते चुकून छापलंय. नोकरी माझ्या मालकाची हुती. तिच्यावर आधी हक माझा हाय."

"आवो, आमच्या पोरीचं काय मंग? कंडक्टरच्या घरात द्यायची म्हनून दिली आमी!"

"कंडक्टरच्याच घरात यील की," आई म्हणाली.

दुसऱ्या कुठल्या दिवशी घरभर हसू फुटलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. नर्मदाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण त्या पदराआड काय होतं ते मला दिसलं नाही.

रविकांतराव उठले. ताटाला त्यांनी हात लावला नव्हता. पत्रिका घडी करून पेनांच्या शेजारी खिशात ठेवली. "घरी जाऊन इचार करतो," म्हणाले. सोयरिकीत ह्या शब्दांचा अर्थ काय होतो ते आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. मोठेबाबा त्यांच्या मागं मागं दारापर्यंत गेले, तिथून रस्त्यापर्यंत गेले, हात जोडत, काहीबाही समजावत. मोटारसायकल गेली.

धम्मदीप भिंतीला पाठ लावून उभा होता. "ताई," तो म्हणाला, "तू माझं लगीन मोडलंस." ओरडला असता तर बरं झालं असतं. तो चपला घालून निघून गेला. मग मोठेबाबा आत आले आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं त्यांनी आम्हा मायलेकींना जे ऐकवलं त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. घराण्याची बेइज्जती झाली, ह्या उंबऱ्यात आता पाय ठेवणार नाही, असं सांगून ते गेले. आईनं चारही ताटं उचलली आणि झाकून ठेवली.

"चल," ती पिशवी घेत म्हणाली. "चारला उठतो म्हनला त्यो."

"धम्मदीपची सही कुठून आणनार?"

"न्हाई आली तर न्हाई आली. आपन जाऊन बसू."

उन्हात चालत गेलो. वाटेत मला भीती वाटत होती. भावाचं लग्न गेलं आणि आईची नोकरीही गेली, तर हे दोन्ही माझ्या जिभेनं केलं असं होणार होतं. वालूरला परत जाऊन मी अंगणवाडीत खिचडी ढवळत आयुष्यभर तेवढंच आठवत बसले असते.

टायपिंगवाल्यानं नवा कागद काढला. अर्जदार, चांगुणाबाई. आईनं पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, मग मोठ्या, सुट्या अक्षरांत सही केली. माझी पाळी आली. मी पेन टेकवलं. मला आईला माफ करायचं नव्हतं, तेव्हाही केलं नव्हतं, पण सही करताना हात एकदाही अडला नाही. तिसरी जागा रिकामी राहिली.

आम्ही बाकावर बसलो. आवारातली गर्दी कमी झाली. शेजारच्यानं शेड बंद केलं. टायपिंगवाल्यानं घड्याळाकडं बघितलं, मग आमच्याकडं, मग प्रिंटरवर प्लास्टिकचं कापड टाकायला घेतलं. "मावशी, उद्या या."

"हाय ना अजून जरासा टाइम," आई म्हणाली. ती गेटकडं बघत नव्हती. मी बघत होते.

धम्मदीप आला तो गेटातून नाही, मागच्या कुंपणाच्या फटीतून, मोटारींच्या दुकानाकडून. हात कोपरापर्यंत काळे होते. म्हणजे एवढा वेळ तो मोटार भरत बसला होता. तो आमच्यापासून जरा लांबच थांबला.

"राजेश्री कापडाच्या दुकानात बसलीय," तो म्हणाला. "एकटी. मेसेज आलाय तिचा. तिच्या बापानं तिला फोन केला का न्हाई म्हाईत न्हाई. मला सारखे तिचे फोन यायलेत. उचलले न्हाईत मी. काय सांगू तिला?"

"हाय ते सांग," आई म्हणाली.

"हाय ते म्हंजे काय हाय?" तो एकदम उसळला. "मोटारी भरतो म्हनून सांगू? तार गुंडाळतो म्हनून सांगू?"

"तू भरलेली मोटार परत जळत न्हाई म्हनतेत लोक. तुला वाट कशाची बघायचीय मला कळंना."

टायपिंगवाला कापड हातात धरून उभा राहिला होता. धम्मदीप पुढं आला, टेबलावरचा कागद उचलला आणि वाचला. वाचून झाला तरी हातातच धरला. मला वाटलं आता फाडतो. आईला विनवावं, काहीतरी बोल म्हणावं, असं फार वाटलं, पण ती पिशवीवर हात ठेवून बसून राहिली.

"आन ड्यूटीवर गेलीस," तो रागानंच बोलला, डोळ्यांत पाणी होतं तरी रागानंच, "तर ष्टँडवर डबा कोन आननार तुझा?"

"तू," आई म्हणाली.

मग त्यानं पेन ओढून घेतलं, टेबलावर वाकला आणि सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली. कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा राहिला. टायपिंगवाला कुरकुरला, शपथपत्रावर डाग चालत नाही म्हणाला, मग स्वतःच आपल्या रुमालानं पुसायला लागला. ठसा काही निघाला नाही.

फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी धम्मदीपनं तो उचलला आणि लिंबाच्या पलीकडं गेला. पण त्याला फोनवर हळू बोलता येत नाही, लहानपणापासूनच.

"हां, बोल… न्हाई. न्हाई, मी एसटीत न्हाई… मोटारी भरतो. पान्याच्या. जळालेल्या… व्हय, दोस्ताच्याच दुकानात." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. पलीकडून राजेश्री काय म्हणत होती ते मला कळलं नाही. आईनं चष्मा पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"न्हाई, खोटं न्हाई पत्रिकेत," धम्मदीप म्हणाला. "नाव तेवढं चुकलंय. आई हाय एसटीत. आई कंडक्टर हाय माझी."

कागदावरची शाई अजून वाळली नव्हती, अर्ज डेपोत जायचा होता, आणि हा आईला नोकरीला लावून मोकळा झाला होता. आमच्या घरात नोकरी अशीच लागते. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडं बघितलं. ह्या वेळी मी त्याला दुरुस्त करायला गेले नाही.